फरार कोण?



रात्रपाळी सुटली की मी सायकल काढतो आणि घरी जायच्या आधी विहारात डोकावतो. तिथल्या कपाटात एक वही आहे. त्या वहीचं शेवटी सांगतो. आधी एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. हा शब्द दीड वर्ष माझ्या नावापुढं चिकटला होता. पोलिसांच्या तोंडी तोच, वस्तीत तोच, आणि खोटं कशाला बोलू, काही दिवस माझ्याही तोंडी तोच. तो शब्द म्हणजे फरार.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर आहे. तुटलेले धागे जोडत आठ तास या टोकाकडून त्या टोकाकडं चालायचं, हे माझं काम. दहावीनंतर शाळा सुटली. जे काय वाचलं ते वाचनालयात, नाहीतर पाळीच्या मधल्या सुट्टीत. तेव्हा ह्या लेखात कुणी वकिली शोधू नये. कायद्याच्या चार गोष्टी सांगणार आहे, त्या पायपीट करून शिकलेल्या आहेत. माझा खरा प्रश्न नीतीचा आहे. ज्या व्यवस्थेनं आपल्याला माणूस म्हणून कधी धड हाक मारली नाही, तिनं आपलं नाव पुकारलं तर आपण 'हजर' म्हणायचं का? आणि म्हणायचं, तर कुणासाठी?

*

३ जानेवारी २०१८. १ तारखेला भीमा कोरेगावला जे झालं त्यानंतरचा महाराष्ट्र बंद. मी १९ वर्षांचा होतो. आमच्या तालुक्याच्या नाक्यावर रस्ता अडला आणि मी तिथं होतो, हे मी नाकारत नाही. गुन्हा झाला की नाही ते कोर्ट ठरवील. खटला चालू आहे, म्हणून त्यावर इथं जास्त बोलत नाही. बेकायदा जमाव, वाट अडवणं, जमावबंदीचा हुकूम मोडणं अशी कलमं लागली. दुसऱ्या दिवशी आम्हाला कोर्टापुढं उभं केलं. १५ हजारांचा जामीन.

आता जामीनदार आणायचा कुठून? बाप नाही. आईच्या नावावर एक गळकं पातेलंसुद्धा नाही. तेव्हा वस्तीतले नाना पुढं झाले. नाना जुन्या गिरणीतले कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलं त्यात त्यांनी दोन खोल्या बांधल्या. त्याची घरपट्टीची पावती आणि रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते कोर्टात आले. कारकुनानं बोट ठेवलं तिथं सही केली. म्हातारपणी साक्षरता वर्गात शिकलेली सही. अक्षरं एकमेकांपासून लांब लांब. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "जा, च्या पिऊन ये. आन् तारखंला येत जा."

पहिल्या तीन-चार तारखांना गेलो. साहेब रजेवर, नाहीतर पोलिसांचे कागद आलेले नाहीत, नाहीतर चौदातले दोघं आलेले नाहीत. संध्याकाळी पाचला पुढची तारीख घेऊन परत. मी तेव्हा गिरणीत बदली कामगार होतो. बदली कामगाराला रजा नसते, खाडा असतो. खाडे वाढले की मुकादम मस्टरवर तुमच्या नावावर रेघ मारतो आणि दारात दुसरा उभाच असतो. २०१९ ला दोषारोपपत्र दाखल झालं. मग २०२० आलं. टाळेबंदी. कोर्टं नावापुरती चालू, गिरणी बंद. खोलीचं भाडं थकलं, आई गावी गेली, मी पुढं गिरणीजवळ पाच जणांत एक खोली घेतली. कोर्टाला नवीन पत्ता कळवायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

समन्स जुन्या पत्त्यावर गेलं आणि शेरा घेऊन परत आलं: 'नमूद पत्त्यावर मिळून आला नाही.' मग जामीनपात्र वॉरंट निघालं. त्यावरही तोच शेरा. मग २०२२ च्या मध्याला अजामीनपात्र. इंग्रजी पुस्तकांत ह्याला बेंच वॉरंट म्हणतात, म्हणजे न्यायासनावर बसलेल्यानं गैरहजेरीवरून स्वतः काढलेलं पकडवॉरंट. आपल्याकडं लोक नुसतं वॉरंट म्हणतात आणि आवाज खाली घेतात.

आता गंमत बघा. त्या सगळ्या वर्षात मी गिरणीत होतो. रोज. मस्टरवर सही, थंबच्या मशीनवर अंगठा. एका कागदावर माझा खाडा नाही, आणि दुसऱ्या कागदावर मी सापडतच नाही. दोन्ही कागद खरे!

*

मला ह्याचा पत्ता २०२३ च्या सुरुवातीला लागला. चौदातल्याच एका मित्रानं मोबाइलवर केस काढून बघितली. म्हणाला, "तुझ्या नावाचं नॉन-बेलेबल निघालंय." ऐकून आधी पोटात गोळा आला. मग मी काय केलं असेल? कविता लिहिली.

त्या कवितेत मी स्वतःला फरार म्हणवून घेतलं होतं. व्यवस्थेच्या हाती न लागणारा, रात्रीच्या जंगलातून मशाल घेऊन चाललेला वगैरे. मित्रांनो, मी जंगल कधी बघितलेलं नाही. आणि मशालीचं म्हणाल तर आमच्या खात्यात कापूस असतो म्हणून काडेपेटी न्यायलासुद्धा बंदी आहे. पण एप्रिलमध्ये जयंतीच्या कविसंमेलनात ती कविता वाचली आणि टाळ्या अशा पडल्या की मला वाटलं, आपण खरंच कुणीतरी आहोत. चार पोरांनी पाठ थोपटली. एकानं 'आपला फरारी कवी' म्हणून स्टेटस ठेवलं. वॉरंट हे मला पदकासारखं वाटायला लागलं. ज्यांच्यावर केस नाही ते कच्चे आणि ज्यांच्यावर वॉरंट आहे ते पक्के, अशी एक आंधळी मोजणी आपल्या चळवळीत आहे. ती माझ्याही डोक्यात होती.

टाळ्या वाजवणाऱ्यांत नाना बसले होते. दुसऱ्या रांगेत. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

डिसेंबरात नानांना कोर्टाची नोटीस आली. ज्या आरोपीला तुम्ही जामीन राहिलात तो हजर राहत नाही, तेव्हा जामिनाची १५ हजार रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये, ह्याचं कारण दाखवा. नाना कुणाला काही न बोलता एकटेच कोर्टात गेले. दिवसभर बाकड्यावर बसले. पुकारा झाल्यावर पुढं गेले. साहेबांनी विचारलं, आरोपी कुठं आहे? नानांनी सांगितलं, "साहेब, कामावर हाय." कोर्टात कुणीतरी हसलं म्हणे. साहेबांनी एक तारीख दिली.

त्याच संध्याकाळी नाना माझ्या खोलीवर आले. मी रात्रपाळीला निघायच्या तयारीत होतो. रागवायला आले असतील असं वाटलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आरं, कोर्ट म्हणतंय तू सापडत न्हाईस. मी म्हणलं, सापडत न्हाई कसा? रोज रातच्याला गिरणीत अस्तोय की. तू हाईस न्हवं?"

तू हाईस न्हवं? ह्या तीन शब्दांना मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्याचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

*

आमच्या अभ्यासवर्गात एकदा सॉक्रेटिसावर चर्चा झाली होती. त्याला मरणाची शिक्षा झाली, मित्रानं तुरुंगातून पळायची सगळी सोय केली, तरी तो पळाला नाही. त्याचं म्हणणं असं की ह्या नगराच्या कायद्यांनी मला आईबापासारखं वाढवलं, आता शिक्षा माझ्यावर आली म्हणून ते मोडायचे कसे? वर्ग घेणारे म्हणाले, बघा, कायद्याची निष्ठा अशी असते. तेव्हा मी मागून बोललो होतो की सॉक्रेटिसाला नगरानं वाढवलं असेल, आम्हाला नगरानं वेशीबाहेर ठेवलं. आमचे आजे-पणजे गावकीच्या कामात दुसऱ्यांची बोलावणी पोचवत फिरले. चावडीवर कुणाला हजर करायचं तर सांगावा घेऊन महारानं धावायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली, आणि ती वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडावं लागलं. दुसऱ्यांची समन्सं वाहून ज्यांच्या टाचा फाटल्या, त्यांच्या नातवानं समन्साला मान द्यायचा तो कोणत्या उपकाराखातर?

आजही मी तेच म्हणतो. सॉक्रेटिसाचा युक्तिवाद आपल्या कामाचा नाही. उपकाराखातर हजर राहायचं असेल तर आपण हजर राहायचं कारण नाही.

पण मग महाडचं काय करायचं?

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी आपण ओंजळीत घेतलं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाला हजारो माणसं महाडात गोळा झाली. जिवावर उदार होऊन आलेली. पण त्याच्या आधीच सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. लोक म्हणत होते, हुकूम मोडू, तुरुंगात जाऊ. बाबासाहेबांनी लोकांना थांबवलं. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परत आली, पाण्याला कुणी हात लावला नाही. आणि ज्यांना वाटतं की ही शरणागती होती त्यांनी आठवावं, त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. दिवाणी कोर्टाचा कागद पाळला आणि मनूचा कागद जाळला. एकाच गावात, एकाच परिषदेत. मग तो दावा ते लढत राहिले आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकले. दहा वर्षं!

मी ह्याचा अर्थ असा लावतो. मनूच्या कायद्यापुढं आपल्याला उभं राहायचीच मुभा नव्हती. त्यात आपली बाजू मांडायला जागा नव्हती, अपील नव्हतं. म्हणून त्याला आग. कोर्टाच्या कायद्यात, तो कितीही वाकडा चालवला तरी, उभं राहायला एक पिंजरा आहे आणि बोलायला एक तारीख आहे. बाबासाहेबांनी ती जागा सोडली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीपुढं त्यांनी बजावलं की घटनेचे मार्ग उघडे असताना दुसऱ्या मार्गांना समर्थन नाही. हे वाक्य आपले विरोधक आपल्याला गप्प बसवायला वापरतात. पण मला त्यात उलटं ऐकू येतं. मार्ग उघडा असेल तर त्यावर चाललंच पाहिजे, दुसऱ्यानं फरफटत न्यायची वाट बघायची नाही.

*

कोर्टाच्या मराठीत दोन वाक्यं आहेत. 'आरोपीला हजर केले' आणि 'आरोपी हजर झाला.' पहिल्या वाक्यात आरोपी ही वस्तू आहे. कुणीतरी तिला पकडलं, आणलं, ठेवलं. दुसऱ्या वाक्यात आरोपी चालत आला आहे. आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला पहिलंच वाक्य आलं. आपल्या शेजारच्या विमुक्त जमातींचं बघा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्माला आल्याबरोबर पोराला गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिथून माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरी द्यायला परत यायची. १९५२ ला तो कायदा रद्द झाला. म्हणजे हजेरी हा शब्द ह्या देशात सगळ्यांना सारखा नाही. कुणाची हजेरी म्हणजे मान, कुणाची हजेरी म्हणजे बेडी.

तेव्हा नुसतं 'कायदा आहे म्हणून हजर राहा' हे नीतीचं उत्तर होत नाही. माझं उत्तर मला नानांच्या सहीत सापडलं.

जामीन म्हणजे काय? राज्य म्हणतं, आम्हाला तुझ्या शब्दाचा भरवसा नाही. आणि आपल्यातला एक माणूस उठतो आणि म्हणतो, मला आहे, माझं घर त्याच्या शब्दामागं ठेवा. ज्या समाजात आपल्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती तिथं नानांनी माझ्या शब्दाची किंमत दोन खोल्या केली. मी तारखेला गेलो नाही तेव्हा मला वाटलं की मी व्यवस्थेला नकार देतोय. व्यवस्थेला त्यानं काय फरक पडला? तिनं एक कागद काढला आणि ती नानांकडं वळली. माझ्या विद्रोहाचं भाडं दुसराच माणूस भरत होता, आणि मी टाळ्या घेत होतो.

राज्याचा माझ्या आज्ञाधारकपणावर किती हक्क आहे, ह्यावर आपण रात्रभर वाद घालू. नानांचा माझ्या शब्दावर किती हक्क आहे, ह्यावर वादच नाही.

*

आता पायपिटीतून शिकलेलं सांगतो, कारण नीती पोटात ठेवून वॉरंट रद्द होत नाही.

पहिलं, वॉरंट आपोआप मरत नाही. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ७० आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२ एकच सांगतं: वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा ज्या कोर्टानं काढलं त्यानं रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. आरोपी सापडत नाही म्हणून प्रकरण डॉर्मंट फाइलीत टाकलं असेल तरी वॉरंट झोपत नाही. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टाच्या वेळी, नाहीतर बहिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री ते उठून बसतं.

दुसरं, शोधायचं कसं? वॉरंटांची यादी कुठं भिंतीवर लावलेली नसते. ई-कोर्टाच्या साइटवर किंवा मोबाइलवर जिल्हा आणि कोर्ट निवडून नावानं, नाहीतर पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर टाकून केस निघते. केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळाला की तो लिहून ठेवा. पुढची तारीख कशासाठी आहे त्या रकान्यात वॉरंटाचा उल्लेख दिसला तर समजा. पण तिथं नाही दिसलं म्हणजे नाही, असं धरू नका. नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असतं. खात्री करायची तर कोर्टात वकिलामार्फत रोजनामा बघायचा, नकलेचा अर्ज टाकायचा.

तिसरं, वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० ह्या नंबरवर फोन करता येतो. जातीचा दाखला आपण शिष्यवृत्तीला काढतो, तो इथंही चालतो हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं.

चौथं, पोलीस ठाण्यात वॉरंट मिटत नाही. 'साहेबांना सांगून दाबतो' म्हणणारा दलाल तुमचे पैसे दाबतो. वॉरंट रद्द करायचा हक्क कोर्टाचा. त्याच कोर्टापुढं स्वतः जायचं, वकिलाकडून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा, गैरहजेरीचं खरं कारण आणि त्याचा कागद जोडायचा, नवीन पत्ता लिहून द्यायचा. साहेब खर्चाचा दंड लावतील, नवा जातमुचलका किंवा जामीन मागतील. कोठडीतही टाकू शकतात, हे लपवत नाही. म्हणून वकिलाशिवाय जायचं नाही आणि जामीनदाराला न सांगता जायचं नाही. पण आपल्या पायानं आलेल्या माणसाकडं आणि पकडून आणलेल्या माणसाकडं साहेब एकाच नजरेनं बघत नाहीत.

पाचवं, वॉरंट रद्द झालं की त्या हुकमाची नक्कल घ्या आणि पोलीस ठाण्यात पोचवून पोच घ्या. मुंबईच्या एका वकिलाचं वॉरंट २००२ साली रद्द झालं होतं, तरी तीन दिवसांनी, १५ ऑगस्टला, पोलिसांनी त्याला धरलं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०११ ला कोर्टानं वॉरंटांच्या नोंदीसाठी आणि रद्द झालेली वॉरंटं परत मागवण्यासाठी नियम घालून दिले. वकिलाची ही गत, तर सायडरची काय होईल?

सहावं, धरायला आले तर वॉरंट दाखवा म्हणायचा हक्क आहे. जामीनपात्र असेल तर त्यावर जामिनाची रक्कम लिहिलेली असते, तो जामीन पोलिसांनी तिथंच घ्यायचा असतो. आणि धरल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टापुढं नेलं पाहिजे.

आणि फरार ह्या शब्दाचं. कायद्यात फरारीचा जाहीरनामा वेगळा असतो. वॉरंट निघालेला माणूस पळून गेला आहे किंवा लपून बसला आहे असं कोर्टाला वाटलं पाहिजे, मग जाहीरनामा त्याच्या गावात मोठ्यानं वाचायचा, त्याच्या दारावर लावायचा, हजर व्हायला निदान ३० दिवसांची मुदत द्यायची. हे संहितेचं कलम ८४. माझ्या बाबतीत ह्यातलं काहीच झालेलं नव्हतं. मी फरार नव्हतोच. लोकांनी म्हणलं, आणि मी हौसेनं म्हणवून घेतलं.

*

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी रात्रपाळी करून, न झोपता, केसातला कापूस झटकत कोर्टात गेलो. बरोबर नाना. विधी सेवा समितीनं दिलेल्या वकीलबाई माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी अर्ज लिहिला, त्याला गिरणीच्या हजेरीचा उतारा जोडला. दुपारी अडीचला पट्टेवाल्यानं दारात येऊन नाव पुकारलं. माझं, मग बापाचं, मग आडनाव. आडनाव चुकीचं उच्चारलं. मी पुढं होऊन म्हणालो, "हजर." आवाज वाटला त्याच्यापेक्षा मोठा आला.

साहेबांनी विचारलं, एवढे दिवस कुठं होता? मी म्हणलं, गिरणीत. ते उतारा वाचत राहिले. मग ५०० रुपये खर्च, नवा जातमुचलका, वॉरंट रद्द. नानांवरची कारवाई बंद. सगळं मिळून सात मिनिटं. वर्षभर ज्याला मी भ्यालो आणि ज्याच्यावर मी मिरवलो, ते सात मिनिटांचं काम होतं. रोजनाम्यात लिहिलं गेलं: आरोपी स्वतःहून हजर. मी वकीलबाईंना ती ओळ दोनदा वाचायला लावली.

ह्यानं कोर्ट पवित्र झालं असं समजू नका. २००७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की आधी समन्स, मग जामीनपात्र, आणि माणूस मुद्दाम टाळतोय असं दिसलं तरच अजामीनपात्र. पण 'मिळून आला नाही' हा शेरा ठाण्यातल्या टेबलावर बसूनसुद्धा लिहिता येतो. पैसेवाल्या आरोपीच्या जागी त्याचा वकील उभा राहतो, गैरहजेरी माफीचा अर्ज देतो आणि तो माणूस त्या दिवशी आपल्या कारखान्यात असतो. त्याची गैरहजेरी अर्जावर माफ होते, आपली वॉरंटावर चढते. अर्ज करायची कलमं आपल्यालाही आहेत. आपल्याला ती कुणी सांगत नाही, एवढाच फरक, आणि तोच मोठा फरक आहे. तो बदलायचा तर आतून ओरडावं लागेल. वॉरंट डोक्यावर असलेला माणूस समन्साच्या खोट्या शेऱ्याविरुद्ध तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

आणि दोष एकट्या कोर्टाचा नाही, आपलाही आहे. मोर्चाला पोरं गोळा करताना आपल्याला टेम्पो मिळतो, झेंडे मिळतात, भाषणाला माणूस मिळतो. त्याच पोराच्या सहाव्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्या शेजारी बसायला कुणी नसतं. जी चळवळ पोराला रस्त्यावर आणते आणि व्हरांड्यात एकटं सोडते, ती त्या पोरापासून फरार आहे असं मी म्हणतो. हा शब्द कुणाला लागायचाच असेल तर तिथं लागावा.

म्हणून ती वही. दोनशे पानी, साधी. चौदाही जणांची नावं आहेत, आणि आता इतर केसेसमधल्यांचीही. नाव, केस नंबर, सीएनआर, कोर्ट, पुढची तारीख, वकील, सध्याचा पत्ता. शेवटच्या रकान्यात जामीनदाराचं नाव, कारण ते आपण सगळ्यात आधी विसरतो. दर रविवारी वंदनेनंतर त्या आठवड्याच्या तारखा मोठ्यानं वाचतो. ज्याला खाडा परवडत नाही त्याच्यासाठी माफीचा अर्ज वेळेत जातो का ते बघतो. ज्याची तारीख त्याच्याबरोबर एक जण जातो. वही काढली तेव्हा दोघांच्या नावावर जुनी वॉरंटं निघाली. एकजण आपल्या पायानं जाऊन मोकळा झाला. दुसरा अजून घाबरतोय. त्याच्यावर आम्ही जबरदस्ती करत नाही, भीती कशी असते ते मला माहीत आहे. एवढंच सांगून ठेवलंय की निघशील त्या दिवशी आम्ही बरोबर असू.

ती कविता मी नंतर कुठं वाचली नाही. नाना एकदा म्हणाले, "ती जंगलाची कविता झाक होती रं. का वाचत न्हाईस?" मी म्हणलं, नाना, त्यात एक माणूस राहून गेलाय. तो घातला की वाचतो.

तुमच्या वस्तीत अशी वही नसेल तर येत्या रविवारी काढा. पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहा आणि शेजारी, तुमच्यासाठी सही करणाराचं.

जयभीम.